हवेतली रेघ

आमच्या रस्त्यावरून कुणीही चाललं तरी त्याला पेंटर भेटतातच, मग ते स्वतः घरात आडवे झालेले का असेनात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची उन्हानं विटलेली पिवळी अक्षरं त्यांची. न्हाव्याच्या काचेवरची झोकदार निळी अक्षरं त्यांची. शाळेच्या फाटकावरचं नाव त्यांनीच रंगवलेलं, आणि ‘येथे वाहने उभी करू नयेत’ ही पाटीही त्यांचीच, जिच्या बरोबर खाली रोज वाहनं उभी असतात. लोक वाचतच नाहीत हो, असं कुणी म्हणालं तर पेंटर म्हणायचे, “नका वाचू. बघा तरी. बघायला काय जातंय?”

त्यांना सगळे पेंटरच म्हणतात. काकूसुद्धा, म्हणजे त्यांची बायको. एरवी नुसतं ‘अहो’, आणि रागावल्या की ‘पेंटरसाहेब’. बँकेच्या रांगेत खऱ्या नावानं पुकारा झाला तर पेंटर मागे वळून बघतात, हा कोण बुवा, म्हणून.

पाटी रंगवायची त्यांची एक रीत होती. आधी खडू लावलेली दोरी ताणून तिचा फटका मारायचा, म्हणजे पाटीवर आडवी पांढरी खूण उमटते. मग डाव्या हातात एक बारीक लांब काठी घ्यायची, टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेली. तो गोळा पाटीवर टेकवायचा, उजवं मनगट काठीवर ठेवायचं, करंगळी पाटीला लावायची, आणि मग ब्रश. बघणाऱ्याला वाटायचं, यांचा हात हलतच नाही, पाटीच हाताखालून सरकतेय. ज्या म्हाताऱ्या उस्तादांकडे ते शिकले, त्यांनी ती काठी दिली होती आणि काठीबरोबर एक वाक्य. “हवेतला हात खोटं बोलतो. त्याला आधी टेकव, मग बोलायला लाव.” पेंटरांनी आयुष्यात काठीशिवाय रेघ ओढली नाही. पेन्सिलीनं हिशेबाचा कागद आखायचा असला, तरी डाव्या हाताची मूठ आपोआप उजव्या मनगटाखाली यायची.

आणखी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होती. पेंटर एकदा शिडीवर चढले की पाटी पुरी करूनच उतरतात. अर्धी पाटी म्हणजे अर्ध्या चेहऱ्याची हजामत, असं ते म्हणायचे, आणि हे ऐकून न्हावी दर वेळी तितकाच हसायचा.

दारू कधी सुरू झाली, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. दिवसभर शिडीवर उभं राहून पोटऱ्या दुखायच्या, चार जण बसायचे, तेवढीच. मग शहरात डिजिटल छपाई आली. दुकानाचं नाव तासाभरात फ्लेक्सवर छापून मिळू लागलं, वर मालकाचा हसरा फोटो फुकट. पेंटर दाराशी बसून राहू लागले, आणि नुसत्या बसलेल्या माणसाची संध्याकाळ लवकर होते.

पुढे सकाळी हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. काकू शिवणयंत्रावर बसलेल्या असायच्या, लोकांचे कपडे सैल करणं, आखूड करणं ही त्यांची कामं. तिथूनच त्या कपाचा आवाज ऐकायच्या आणि पायडल थांबवायच्या. पेंटर उजवा हात खिशात घालायचे. मग घोटभर पोटात गेली की हात जादू केल्यासारखा थांबायचा. घरात टर्पेंटाइनचा वास कायमच असे, त्याच्या आड दुसरा वास लपायचा. त्यातून पेंटरांच्या मनानं हळूहळू एक गोष्ट पक्की धरली, की ही आपला हात धरून ठेवते. सोडली तर हात जाईल. आणि हात गेला तर आपण कोण?

काकू एकदा म्हणाल्या होत्या, “नवरा.”

“काय?”

“हात गेला तर कोण, विचारलंत ना? नवरा. कुणाचा तरी असाल अजून.”

पेंटरांनी हात परत खिशात घातला.

औषधांच्या दुकानाची पाटी नुसती धुवायला म्हणून ते चढले होते, तेव्हा शिडीवरून पडले. खांद्याचं हाड मोडलं. दुकानदारांनीच, ज्यांना सगळे मेडिकलवाले म्हणतात, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाड बसवलं आणि नंतर काकूंना बाहेर बोलावून सांगितलं की हाड जुळेल, पण यांनी एकदम दारू थांबवली तर जिवावर बेतू शकतं, आणि नाही थांबवली तरी बेतेलच. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करा, तिथे गोळ्या देऊन सावकाश उतरवतात.

काकूंनी त्या संध्याकाळी माळ्यावरची सुटकेस खाली काढली. आवाज चढवला नाही. पलंगाशेजारी बसून म्हणाल्या, “माझ्या धाकट्या बहिणीनं तिच्याकडची मागची खोली रिकामी करून ठेवलीय. कधीची. तुम्ही केंद्रातून या, मी आहे. पण त्यानंतर परत घेतलीत, तर मी भांडणार नाही, रडणार नाही, नुसती जाईन. आता मला भांडायचं बळ नाही हो.”

पेंटर गेले. तिथले पहिले दिवस कसे होते, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. परत यायच्या दिवशी केंद्रातल्या समुपदेशक मॅडमनी त्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. मॅडम वयानं त्यांच्या मुलीसारख्या, बोलताना टेबलावरच्या टाचण्या सारख्या करणाऱ्या.

“काका, रोज सकाळी, चहाच्या आधी. पहिल्यांदा दोन प्रश्न. काल घेतली का? आज किती इच्छा होतेय? आणि मग ही रेघ. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत बोटानं ओढायची. दोन्ही बाजूंना भिंती आहेत, त्यांना शक्यतो लागायचं नाही.”

“रेघ?” पेंटरांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. “मॅडम, रेघा ओढण्यातच जन्म गेला माझा.”

“मग तुम्हाला सोपंच जाईल!”

चूक तिथेच झाली होती. पण तेव्हा ती कुणालाच दिसली नाही. पेंटर खूश, मॅडम खूश, काकूंनाही निदान एक काम सोपं निघालं याचं बरं वाटलं.

मॅडमनी पुढे सांगितलं की हात किती थरथरतो ते फोन मोजतो. दारू सुटली की सुरुवातीला थरथर असतेच, मग ती हळूहळू कमी होत जाते. जसजशी ती कमी होईल तसतशा डॉक्टर गोळ्या कमी करतील. थरथर फार असली तर रेघ लाल दिसेल, मग आम्हीच फोन करू. मधली असली तर पिवळी, चांगली असली तर हिरवी.

“म्हणजे माणसानं सांगायची गरजच नाही,” काकू म्हणाल्या.

“सांगितलं तर उत्तमच, काकू. पण सकाळी सकाळी सगळ्यांनाच बोलता येत नाही. रेघ ओढता येते.”

रिक्षात बसल्यावर काकू फोनकडे बघत म्हणाल्या, “एका डिजिटलनं पोटावर पाय दिला. आता दुसरं हात धरायला आलंय. बघू, हे तरी धरून ठेवतं का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरांनी काकूंचा कापड बेतायचा पाट खिडकीशी ओढला. फोन त्यावर सपाट ठेवला, खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून त्याचं डगमगणं घालवलं. प्रश्नांची उत्तरं दिली. मग भिंतीशी उभी असलेली काठी घेतली. गोळा पाटावर, मनगट काठीवर, करंगळी फोनच्या कडेला. श्वास सोडून, मधे न थांबता त्यांनी बोट या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत नेलं.

रेघ दोरीनं मारल्यासारखी सरळ. हिरवी.

त्यांना यात काही लबाडी वाटली नाही, कारण ती नव्हतीच. रेघ ओढा म्हटल्यावर रेघ कशी ओढतात, हे त्यांना एकाच प्रकारे ठाऊक होतं. सुगरणीला भाजी चिरायला सांगितली आणि ती विळी मांडून बसली, तर ती काही चोरी नव्हे.

मग ते रोजचंच झालं. पेंटर रेघ ओढायचे, काकू चष्मा लावून मागे उभ्या राहायच्या आणि “हिरवी” एवढंच म्हणायच्या. त्या एका शब्दावर त्यांचा दिवस सुरू व्हायचा. शिवणयंत्र लवकर चालू लागलं. धाकट्या बहिणीला फोनवर सांगणं सुरू झालं, “अगं, आजही हिरवी. नाही नाही, मी नाही म्हणत, फोनच म्हणतो.”

केंद्रातूनही फोन आला. मॅडम म्हणाल्या, “काका, एवढ्या लवकर हात स्थिर झालेला मी तरी पाहिला नव्हता. डॉक्टरही खूश आहेत. गोळी कमी करूया.” गोळी कमी झाली. मग आणखी कमी झाली.

चहाचा कप मात्र बशीवर वाजत होता. काकूंना तो ऐकू येत होता. पण वर्षानुवर्षं ज्या कानांनी वाईटच ऐकलं, त्या कानांवर विश्वास ठेवायचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी कपाऐवजी फोनवर विश्वास ठेवला. पेंटरांनीही ठेवला. कप वाजला की ते मनाशी म्हणायचे, थंडी असेल, अशक्तपणा असेल. आपला हात बरा आहे, सकाळीच तर बघितलं.

एके दिवशी मेडिकलवाले घरी आले.

“पेंटर, तुम्ही पडल्यावर माझ्या चिरंजीवांनी हौसेनं फ्लेक्स लावला होता. वाऱ्यानं फाटला, उन्हानं उडाला. आता गिऱ्हाईक विचारतं, हे दुकान चालू आहे का. ते लोखंडी पाटीवरचं तुमचंच काम परत करायचं.”

“चिरंजीव काय म्हणतात?”

“चिरंजीवांना विचारतो कोण! तुम्ही पडलात त्याच पाटीवरून, तेव्हा मीच म्हटलं, याच पाटीवर परत चढवायचं यांना. खाली धरायला मी उभा राहतो, हवं तर.”

पेंटर हसले. त्या हसण्याकडे काकू बघतच राहिल्या.

पाटी घासून पिवळा रंग दिला, तो वाळू दिला. मग एका सकाळी पेंटर शिडीवर चढले, दोरी मारली, काठी टेकवली, ब्रश रंगात बुडवला. पहिल्याच अक्षराचा पहिला फटकारा पाटीवर गेला आणि त्याची कड करवतीसारखी दातेरी उमटली.

थरथर मनगटात असती तर काठीनं धरली असती. ती बोटांत होती. बोटाच्या शेवटच्या पेरात. काठी तिथे पोचत नाही. फोनवर बोट नुसतं घसरतं, ब्रश मात्र चिमटीत तोलावा लागतो. पेंटरांनी टर्पेंटाइनच्या फडक्यानं अक्षर पुसलं. परत काढलं. परत पुसलं. खाली मेडिकलवाले कुणाला तरी खोकल्याचं औषध देत होते आणि मधेच मान वर करून बघत होते.

“ब्रश चांगला नाही,” पेंटर म्हणाले. “दुसरा घेऊन येतो.”

पाटी पुरी न करता ते पहिल्यांदाच शिडीवरून उतरले. कोपऱ्यावर ब्रशचं दुकान नव्हतं. कोपऱ्यावर कशाचं दुकान होतं, ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

परत आले तेव्हा हात शांत होता. त्याच ब्रशनं त्यांनी तेच अक्षर काढलं, आणि ते इतकं देखणं आलं की पेंटर शिडीवर उभ्या उभ्या घाबरले. इतक्या वर्षांत आपलं अक्षर बघून ते कधी घाबरले नव्हते. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग फडकं घेतलं आणि तेही पुसून टाकलं.

“आज रंग बसत नाहीये,” खाली येऊन त्यांनी मेडिकलवाल्यांना सांगितलं. घरी जाऊन कोपरापर्यंत हात टर्पेंटाइननं धुतले, आणि काकूंनी काही विचारायच्या आत डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

सकाळी पाट खिडकीशी आला. फोननं विचारलं, काल घेतली का? पेंटरांच्या बोटानं ‘नाही’ला स्पर्श केला. मग काठी, मनगट, करंगळी. रेघ सरळ. हिरवी.

“हिरवी,” मागून काकू म्हणाल्या. आणि आत वळता वळता त्यांनी पेंटरांच्या खांद्यावर हात ठेवला, मोडलेल्या बाजूच्या खांद्यावर, हळूच. असा हात कित्येक वर्षांत पडला नव्हता. पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला तरी त्या खांद्याला तो हात जाणवत होता.

फोनमध्ये मागच्या दिवसांच्या रेघाही दिसत. एकीखाली एक. पेंटरांनी त्या कधी उघडून बघितल्या नव्हत्या, ओढलेल्या रेघेकडे परत काय बघायचं. त्या सकाळी त्यांनी बघितल्या. न घेतलेल्या दिवसांच्या रेघा आणि आजची, घेतल्यानंतरची. एकीतही फरक नव्हता. सगळ्या हिरव्या, सगळ्या सरळ, सगळ्या एकाच हाताच्या, आणि तो हात त्यांचा नव्हता. तो काठीचा होता.

खोटं बोलल्याची लाज तर होतीच. पण पेंटरांना जास्त लागलं ते दुसरंच. बंद पडलेल्या दुकानावर आपण इतके दिवस झकास पाटी रंगवत होतो, आणि ती वाचून एक बाई रोज आत येत होती.

त्या दिवशी ते कुठेही गेले नाहीत. दाराशी बसून राहिले, हात मांडीखाली दाबून. इच्छा झाली, भयंकर झाली. संध्याकाळ झाली, तशी ती सरलीही.

पुढच्या सकाळी काकू नळावर असताना ते उठले. पाट ओढला नाही. खिडकीत उभं राहून फोन डाव्या हातात धरला. काल घेतली का? नाही. किती इच्छा होतेय? त्यांनी ती खूण पार टोकापर्यंत सरकवली. मग उजवा हात पुढे केला, हवेत, कुठेही न टेकवता. उस्तादांनी बघितलं असतं तर छडी घेतली असती. बोट पहिल्या ठिपक्यावर टेकलं आणि निघालं. वर गेलं, खाली आलं, डावीकडच्या भिंतीला धडकलं, उजवीकडच्या भिंतीला धडकलं, मधे एकदा उचललं गेलं, आणि कसंबसं पलीकडे पोचलं. लहान मूल अंधारात भिंत चाचपत जातं तशी ती रेघ होती. लालभडक.

काकू हात पुसत आल्या, चष्मा लावला, आणि बघितलं.

“घेतलीत,” त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

“नाही.”

“पेंटरसाहेब, तुम्ही बोलाल हो खोटं. हे यंत्र कशाला बोलेल?”

“काल नाही घेतली. परवा घेतली.”

“कालची तर हिरवी होती! मी स्वतः बघितली.”

“हो.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. चेष्टा चाललीय का, तेवढं बघितलं, आणि आतल्या खोलीत गेल्या. सुटकेसची कडी उघडल्याचा आवाज आला. साड्या, टॉवेल, चष्म्याचं घर, एकेक ठेवल्याचा आवाज. पेंटर दारात जाऊन उभे राहिले, पण शब्द जुळेनात. खरं होतं ते इतकं उलटं होतं की ते सांगितलं तर नवी थापच वाटली असती.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्राचा. पेंटरांनी आवाज मोठा करून तो पलंगावर ठेवला, सुटकेसशेजारी.

“काका, मी बोलतेय. आजची रेघ बघितली. काय झालं? एकदम अशी का आली?”

“मॅडम, आजची माझी आहे.”

“म्हणजे?”

“आधीच्या काठीच्या होत्या.” आणि मग पेंटर बोलायला लागले, तुटक तुटक, मधे थांबत. काठी, करंगळी, पाट, पुठ्ठा. उस्तादांचं वाक्य. मेडिकलची पाटी. कोपरा. ‘नाही’वर टेकवलेलं बोट. “परवा घेतली, काल सकाळी काढली, ती पण हिरवीच आली, मॅडम. तेव्हा कळलं. तुम्ही रेघ काढा म्हणालात, मी रेघ काढली. हात दाखवा म्हणाला असतात, तर हात दाखवला असता.”

पलीकडून टेबलावर टाचण्या सरकल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस तुमची काठी बरी होत होती, आणि आम्ही गोळ्या तुमच्या कमी केल्या.” त्यांच्या आवाजात हसू यायला निघालं होतं, ते मधेच विरलं. “काका, हे माझंही चुकलं. तुम्ही रेघांमध्ये जन्म गेला म्हणालात, आणि मी नुसती हसले. कशा ओढता, ते विचारलंच नाही. आजच या दोघंही. डॉक्टर गोळ्या परत नीट लावतील. आणि परवाचं सांगितलंत, ते फार बरं केलंत.”

फोन बंद झाला. काकूंच्या हातात घडी घातलेला टॉवेल तसाच होता.

“परत बोला,” त्या म्हणाल्या. “सावकाश. हिरवी कधी होती?”

“काल. परवा घेऊन.”

“आणि ही लाल?”

“न घेता.”

काकूंनी फोन उचलला. ती लाल रेघ जवळ धरून, मग लांब धरून बघितली, जसं कुणाच्या कपड्याची जुनी शिवण उसवायची का ठेवायची ते बघतात. मग स्वतः खिडकीपाशी गेल्या, फोन डाव्या हातात धरला, पेंटर मघाशी उभे होते तशा उभ्या राहिल्या आणि बोट हवेतून नेलं. ज्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, त्यांच्याही बोटाची रेघ मधे थोडी वाकली, थोडी हलली. पिवळी.

“बघा,” काकू म्हणाल्या. “माझीही सरळ येत नाही.”

पेंटर पलंगावर बसले. खूप दिवसांनी ते रडले, आणि काकूंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी सुटकेसही रिकामी केली नाही. कडी लावून ती दाराशी उभी करून ठेवली.

त्यानंतर पुष्कळ दिवस मेडिकलवर एक कोरी पिवळी पाटी होती. डॉक्टरांनी शिडी बंद केली होती. पेंटरांनी स्वतः जाऊन मेडिकलवाल्यांना सांगितलं, अगदी कोपऱ्यापर्यंतचं सगळं सांगितलं, आणि म्हणाले की फ्लेक्स लावून टाका, माझं काही खरं नाही. मेडिकलवाले थोडा वेळ गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापत राहिले. म्हणाले, “लोकांना दुकान माहीत आहे. पाटी थांबेल.” येणारेजाणारे चेष्टा करायचे, “काय मेडिकलवाले, दुकानाच्या नावाची मुदत संपली वाटतं?” ते म्हणायचे, “नवा माल यायचाय.”

केंद्रानं ॲपमध्ये रेघेच्या आधी एक सूचना घातली, सगळ्यांसाठीच. ‘शक्य असल्यास उभे राहून काढा. हात कशावरही टेकवू नका.’ पेंटर रोज ते वाचायचे आणि उभे राहायचे. लाल आली की मॅडमचा फोन यायचा. कधी पिवळी यायची. एकदा परत घेतली गेली, तेव्हा दुसऱ्या सकाळी पेंटरांनी स्वतः ‘हो’ दाबलं आणि काकूंना हाक मारून दाखवलं. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पण दाराशी उभ्या असलेल्या सुटकेसमधून त्या लागेल तसे कपडे काढून वापरत होत्या आणि धुतलेले कपडे परत कपाटात ठेवत होत्या. असं करता करता सुटकेस कधी रिकामी झाली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. एक दिवस काकूंनी ती उचलली, तर हलकी लागली. त्यांनी ती माळ्यावर टाकली.

हात पहिल्यासारखा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. वय आहे, इतकी वर्षं आहेत. बराचसा येईल, सगळा येणार नाही. हे ऐकून पेंटर इतकंच म्हणाले, “जेवढा येईल तेवढा माझा.”

शिडीची परवानगी मिळाली, त्या दिवशी काकूंनी यंत्रावर कापड टाकलं आणि बरोबर निघाल्या. शिडी त्यांनी धरली. मेडिकलवाले काउंटर सोडून बाहेर आले. पेंटरांनी दोरी मारली, काठी टेकवली. मग चिमटीत ब्रश धरून नुसते थांबले, बोट शांत व्हायची वाट बघत, आणि ते जेवढं शांत होतं तेवढ्यातच एक फटकारा ओढला. परत थांबले. अशा थांब्यांनी एकेक अक्षर होत गेलं. कडा थोड्या जिवंत होत्या, दोरीसारख्या नव्हत्या. खालून कुणाला दिसल्या नसत्या. काकूंना दिसल्या.

नावाचा पहिला शब्द पुरा झाला, आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर काढायला ब्रश वर गेला तेव्हा बोटाचं पेर उडायला लागलं. पेंटर थांबले. वाट बघितली. पेर थांबेना. पूर्वी अशा वेळी काय करायचं, ते त्यांना ठाऊक होतं, आणि कोपरा तिथून दिसतही होता. त्यांनी तिकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. मग ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि एकेक पायरी खाली आले.

“झालं?” मेडिकलवाल्यांनी वर मान करून विचारलं. “अर्धंच नाव आहे की हो! तुम्ही तर पुरी करूनच उतरता.”

“उतरायचो,” पेंटर म्हणाले. “आज एवढंच.”

मेडिकलवाल्यांनी त्या अर्ध्या नावाकडे बघितलं, मग काकूंकडे. “चालेल,” ते म्हणाले. “लोकांना दुकान माहीत आहे.”

दोघं घराकडे निघाले. रंगाचा डबा पेंटरांच्या डाव्या हातात होता, काठी काकूंनी घेतली होती. न्हाव्यानं काचेतून हात केला. पेंटरांचा उजवा हात मोकळा होता आणि चालताना थोडा थरथरत होता. तो त्यांनी खिशात घातला नाही.